निरोपाची पोच : संगणकांमधील मध्यस्थ आणि आपला परिसर

आमच्या विद्यालयातून शिकून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कंपन्यांत संगणकाचे काम करतात. सुट्टीत गावी आल्यावर आईवडील त्यांना विचारतात, ‘बाळा, तू तिथं नेमकं करतोस काय?’ उत्तरात ‘मेसेज ब्रोकर’, ‘काफ्का’, ‘रॅबिटएमक्यू’ असे शब्द येतात आणि बोलणे तेथेच खुंटते. वस्तुतः या शब्दांमागील कल्पना अवघड नाही. ती आपल्या बाजारात आहे, जुन्नरच्या लेण्यांत आहे आणि आपल्या पूर्वजांनी वाहिलेल्या ओझ्यातही आहे. आम्ही इतिहास शिकवणारे. संगणकाच्या या गोष्टी आम्ही आमच्याच माजी विद्यार्थ्यांकडून समजून घेतल्या. पालकांना आणि समाजबांधवांना त्या समजाव्यात, यासाठी हा लेखनप्रपंच.

निरोप वाहणारे पाय

एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे काम टपाल आणि तार येण्यापूर्वी माणसांच्या पायांवर चालत असे. महाराष्ट्राच्या गावगाड्यात ते पाय बहुधा महाराचे असत. सरकारी कागद तालुक्याला पोचवणे, वसूल झालेला सारा खजिन्यापर्यंत नेणे, परगावच्या अंमलदारास पुढच्या गावाची वाट दाखवणे आणि मयताचा सांगावा घेऊन नातलगांच्या गावी जाणे, ही सर्व कामे महार वतनात मोडत. त्यासाठी ना वेळेची मर्यादा होती, ना ऋतूची. मोबदला म्हणून तुटपुंजी वतनी जमीन आणि दारोदार फिरून मिळवायचे बलुते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच अन्यायावर बोट ठेवण्यासाठी. वतनदार स्वतः घरी नसेल तर त्याच्या कुटुंबातील दुसऱ्या कोणालाही कामास जुंपले जाते, ही गोष्ट त्यांनी सभागृहापुढे ठेवली. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने संपुष्टात आली.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण आहे. निरोपाच्या व्यवहारात तीन पक्ष असतात : पाठवणारा, घेणारा आणि मधला वाहणारा. पहिल्या दोघांची नावे दप्तरात राहतात, तिसऱ्याचे राहत नाही. म्हणून निरोपाची कोणतीही व्यवस्था तपासताना आम्ही तीन प्रश्न विचारतो. निरोप मध्ये कोणाच्या स्वाधीन होता? तो पोचल्याची नोंद कोठे झाली? आणि न पोचल्यास ते कोणाच्या ध्यानात आले? संगणकाच्या जगातही हेच तीन प्रश्न कळीचे ठरतात.

मध्यस्थ कशासाठी?

ज्या संगणकाकडून माहिती निघते त्याला ‘उत्पादक’ आणि ज्याला ती हवी असते त्याला ‘ग्राहक’ म्हणतात. समजा, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत १० ठिकाणी पाऊस मोजणारी यंत्रे बसवली आणि त्यांची माहिती ६ कार्यालयांना हवी आहे. प्रत्येक यंत्र प्रत्येक कार्यालयाशी थेट जोडायचे म्हटले तर ६० जोडण्या कराव्या लागतील. एका कार्यालयाने आपला संगणक बदलला की दहाही यंत्रांची मांडणी बदलायची. शिवाय यंत्राने माहिती पाठवली त्या क्षणी कार्यालयातील वीज गेलेली असेल, तर ती माहिती वाऱ्यावर गेली.

आता मध्ये एक संगणक ठेवून त्यावर मध्यस्थाचे काम करणारी प्रणाली चालवली, तर १६ जोडण्यांत काम भागते. यंत्रे आपला निरोप त्याच्याकडे देतात, कार्यालये आपापल्या सोयीने तो उचलतात. पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचा पत्ता ठाऊक असण्याची गरज नाही, दोघांनी एकाच वेळी जागे असण्याचीही गरज नाही. एकाची गती जास्त आणि दुसऱ्याची कमी असली तरी मधल्या रांगेत निरोप थांबून राहतात. ‘मेसेज ब्रोकर’ म्हणतात तो हाच.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात जे दिसते ते याहून फार निराळे नाही. येणेऱ्याच्या किंवा आळ्याच्या शेतकऱ्याला आपला माल कोणत्या शहरातील कोणत्या स्वयंपाकघरात जाणार हे माहीत नसते. तो क्रेट बाजारात आणतो. तेथून निरनिराळे व्यापारी आपल्याला हवा तो माल उचलतात. फरक इतकाच की बाजारात मध्यस्थ भावाच्या व्यवहारातही असतो, आडत घेतो. संगणकातील मध्यस्थाला निरोपाचा भाव करायचा नसतो आणि त्याने तो स्वतःच्या मर्जीने बदलायचाही नसतो. घेतले तसे सांभाळायचे आणि हक्काच्या माणसाला द्यायचे, एवढाच त्याचा धर्म.

अशा विश्वासू मध्यस्थाचा याहूनही जुना दाखला जुन्नरच्या लेण्यांत आहे. सुमारे १८०० ते २००० वर्षांपूर्वीच्या तेथील शिलालेखांत वेळूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे अशा कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याच्या नोंदी आढळतात. दात्याने रक्कम किंवा जमिनीचे उत्पन्न श्रेणीच्या स्वाधीन करायचे, मूळ ठेव अक्षय राखायची आणि तिच्या वाढीतून ठरलेले दान होत राहायचे. दाता आणि दान घेणारा यांची भेट होण्याची आवश्यकता नव्हती. दाता निवर्तला तरी व्यवहार चालू राहावा अशी ती योजना होती. आणि हा करार श्रेणीच्या स्मरणावर सोडलेला नव्हता, तो दगडावर कोरलेला होता. मधल्याने काय स्वीकारले हे सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहून ठेवणे, हे तत्त्व आपल्या डोंगरात तेव्हापासून कोरलेले आहे.

खोडदची दुर्बीण आणि जगभरचे निरोप

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तेथे भरणाऱ्या प्रदर्शनामुळे आपल्या भागातील शाळकरी मुलांना ती परिचित आहे.

या ३० तबकड्या म्हणजे ३० उत्पादकच. त्यांनी टिपलेले संकेत प्रकाशतंतूंच्या तारांतून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तेथे प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीशी जुळवून पाहिला जातो. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. हा मूळ संकेतांचा लोंढा मात्र मध्यस्थाच्या रांगेतून जात नाही. तेथे सर्व संकेत एकाच ठिकाणी, एकाच वेळी, क्षणाचाही खोळंबा न होता पोचायचे असतात, म्हणून थेट तारच योग्य ठरते. मध्यस्थ ही सर्व दुखण्यांवरची मात्रा नव्हे, हे विद्यार्थ्यांनी प्रथम ध्यानात घ्यावे. स्वतंत्र, छोटे निरोप अनेकांकडून अनेकांकडे जायचे असतात तेथे त्याचा उपयोग.

असे निरोप खगोलशास्त्रात असतात. आकाशात एखादा स्फोट झाला की त्याची खबर जगभरच्या दुर्बिणींना तातडीने कळावी लागते, कारण तो उजेड लवकर मावळतो. यासाठी अमेरिकेच्या नासा संस्थेची जीसीएन ही खबर वाटणारी व्यवस्था १९९० च्या दशकापासून चालत आली आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी टिपल्या. त्यानंतर दोनच सेकंदांच्या आत फर्मी उपग्रहाला गॅमा किरणांचा झोत दिसला. ही खबर जीसीएनमार्फत पसरली आणि निरनिराळ्या खंडांतील दुर्बिणी एकाच दिशेला वळल्या. त्या घटनेच्या मागे उरलेल्या रेडिओलहरींचा वेध आमच्या खोडदच्या दुर्बिणीनेही घेतला.

पूर्वी या व्यवस्थेत खबर प्रत्येक ग्राहकाकडे स्वतंत्र जोडणीने किंवा ई-मेलने जात असे. जोडणी तुटलेली असताना आलेली खबर त्या जोडणीवरून पुन्हा मिळत नसे. २०२२ पासून जीसीएनने काफ्का या मध्यस्थ प्रणालीचा अवलंब केला. काफ्का मूळची लिंक्डइन कंपनीत तयार झाली आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली. ती आलेले निरोप क्रमाने एका वहीत लिहीत जाते. ग्राहकाने वाचले म्हणून ओळ खोडत नाही. प्रत्येक ग्राहकाची वाचनखूण तेवढी वेगळी ठेवते. वीज गेली, ग्राहक झोपला, तरी उठल्यावर तो आपल्या खुणेपासून पुढे वाचू लागतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात उभारायच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती कार्यान्वित झाल्यावर मराठवाड्यात टिपलेल्या लहरीची खबर अशाच एखाद्या मध्यस्थाच्या वहीतून खोडदला येईल. ती वही सांभाळणाऱ्यांत आपल्या विद्यालयाचा विद्यार्थी असावा, अशी आमची इच्छा आहे.

मांडणी करताना सोडवायचे प्रश्न

मध्यस्थ प्रणाली संगणकावर बसवणे काही मिनिटांचे काम असते. खरे कौशल्य तिची मांडणी करण्यात आहे, आणि ती मांडणी म्हणजे पुढील प्रश्नांची विचारपूर्वक दिलेली उत्तरे होत.

पहिला प्रश्न दाराचा. प्रत्येक प्रणाली संगणकाच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, निरोपाची वाट पाहते. एमक्यूटीटी पद्धतीसाठी १८८३, गुप्तलेखनासह ८८८३, रॅबिटएमक्यूसाठी ५६७२, काफ्कासाठी ९०९२, हे रूढ क्रमांक आहेत. आपले दार कोणत्या जाळ्याला खुले आणि कोणाला बंद, हे आधी ठरवावे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. मॉस्क्विटो ही एमक्यूटीटीची मोफत व खुली प्रणाली आहे. तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मांडणी न करता ती चालवली तर ती फक्त स्वतःच्याच संगणकाशी बोलते. बाहेरच्यांसाठी दार उघडले तरी अनोळखी व्यक्तीस आत घेत नाही. नाव आणि परवलीचा शब्द यांची धारिका तयार करून द्यावी लागते. पुष्कळ नवशिके कंटाळून ‘सर्वांना प्रवेश’ अशी ओळ लिहून मोकळे होतात. तसे करू नये. कोण निरोप देऊ शकतो आणि कोण वाचू शकतो, हे दोन वेगळे अधिकार आहेत. पाऊस मोजणाऱ्या यंत्राला दुसऱ्यांचे निरोप वाचण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न विषयाच्या नावाचा. एमक्यूटीटीमध्ये निरोप विषयवार लावले जातात आणि ही नावे मराठीतही लिहिता येतात. उदाहरणार्थ ‘आंबेगाव/अडिवरे/पाऊस’ किंवा ‘जुन्नर/आपटाळे/पाऊस’. ज्याला आंबेगावचे सर्व काही हवे त्याने ‘आंबेगाव/#’ मागावे; ज्याला दोन्ही तालुक्यांतील फक्त पाऊस हवा त्याने ‘+/+/पाऊस’ मागावे. नावे आरंभीच नीट लावली नाहीत तर पुढे गोंधळ आवरत नाही.

चौथा प्रश्न पोचेचा, आणि आमच्या मते हा सर्वांत महत्त्वाचा. एमक्यूटीटीत तीन पायऱ्या आहेत. शून्य पायरीवर निरोप एकदाच फेकला जातो. पोचला तर पोचला. पहिल्या पायरीवर पोच मिळेपर्यंत तो पुन्हा पाठवला जातो. पोचणार हे निश्चित, पण पोच वाटेत हरवली तर निरोप दोनदा पोचू शकतो. दुसऱ्या पायरीवर दुहेरी खातरजमा करून तो एकदाच पोचवला जातो. त्यासाठी वेळ अधिक लागतो. दर मिनिटाच्या तापमानाला शून्य पायरी पुरते. पण ‘अमुक विद्यार्थिनीच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा करा’ असा निरोप असेल तर तो हरवूनही चालणार नाही आणि दोनदा अमलात येऊनही. अशा ठिकाणी जाणते लोक प्रत्येक निरोपाला स्वतंत्र क्रमांक देतात आणि ग्राहकाकडे तो क्रमांक पूर्वी आला होता काय हे तपासतात. पोच केव्हा द्यायची हेही ठरवावे लागते. निरोप हातात पडताच पोच दिली आणि काम करण्याआधीच संगणक बंद पडला, तर कागदोपत्री काम झालेले दिसेल, प्रत्यक्षात झालेले नसेल. म्हणून आधी काम, मग पोच.

पाचवा प्रश्न टिकाऊपणाचा. रॅबिटएमक्यूमध्ये रांग टिकाऊ म्हणून घोषित करावी लागते आणि निरोपही जपून ठेवण्याचा म्हणून चिन्हांकित करावा लागतो. यांपैकी एकच केले तर मध्यस्थ संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर निरोप शिल्लक असतील याची शाश्वती नाही. काफ्का साधारणतः ७ दिवस निरोप ठेवते. गरजेप्रमाणे ही मुदत बदलता येते. किती दिवस ठेवायचे हे ग्राहक जास्तीत जास्त किती काळ बंद राहू शकतो, यावर ठरवावे.

सहावा प्रश्न न स्वीकारलेल्या निरोपांचा. मजकूर चुकीचा असल्याने काही निरोप ग्राहकाला वाचताच येत नाहीत. ते पुन्हा पुन्हा रांगेत परत येत राहिले तर मागचे सर्व खोळंबतात. त्यांच्यासाठी वेगळी रांग ठेवतात आणि माणसाने ती रोज पाहावयाची असते. टपाल खात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांचे जसे स्वतंत्र कार्यालय असते, तसेच हे.

मौन हाही निरोप

यानंतर उरतो तो तिसरा मूळ प्रश्न : निरोप आलाच नाही, तर ते कोणाच्या ध्यानात येणार?

आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात डोंगर खचून गावाचा मोठा भाग गाडला गेला. दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. गावातून मदतीची हाक येऊ शकली नाही, कारण हाक देणारेच ढिगाऱ्याखाली होते. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. एस.टी. येईपर्यंतच्या त्या मौनाचा अर्थ लावणारी कोणतीही व्यवस्था नव्हती.

एमक्यूटीटी पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफोर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी दुर्गम भागातील तेलवाहिन्यांवर देखरेख करण्यासाठी तयार केली. तीत या प्रश्नाचे एक उत्तर आहे. यंत्र मध्यस्थाशी जोडले जातानाच आपला अखेरचा निरोप त्याच्याजवळ ठेवते. त्याला ‘लास्ट विल’, म्हणजे मृत्युपत्र म्हणतात. ‘माझा संपर्क तुटला तर सर्वांना असे सांग’ एवढाच त्याचा आशय. शिवाय यंत्राने ठरावीक काळाने हाक देत राहायचे असते. हा काळ ६० सेकंदांचा ठरवला असेल आणि त्याच्या दीडपट, म्हणजे ९० सेकंदांत काहीच ऐकू आले नाही, तर मध्यस्थ तो ठेवलेला निरोप सर्व संबंधितांना देतो. यंत्राने रीतसर निरोप घेऊन जोडणी सोडली असेल तर तो दिला जात नाही. म्हणजे शांतपणे निघून जाणे आणि अचानक गप्प होणे यांतील भेद मध्यस्थाला कळतो. एके काळी मयताचा सांगावा नेण्यासाठी माणसाला अनवाणी कोस कोस तुडवावे लागत. आज तोच सांगावा संगणकाच्या मांडणीतील दोन-तीन ओळींत लिहिता येतो.

याचा अर्थ असे एखादे यंत्र असते तर माळीण वाचले असते, असा कोणी काढू नये. यंत्र दरड थांबवत नाही. मोबाइलचा मनोरा, विजेची सोय, बॅटरी यांपैकी काहीही बंद पडले तरी यंत्र गप्प होईल आणि अनेक वेळा ती खोटी हाक ठरेल. तरीही डोंगरकुशीतील गाव गप्प झाले, एवढे जरी कोणाला वेळीच कळले, तरी ‘काय झाले’ हे विचारण्यासाठी कोणीतरी निघू शकेल. आणि हा निरोप ज्याच्या फोनवर मध्यरात्री वाजायचा, त्या माणसाचे नाव, त्याच्या गैरहजेरीत दुसऱ्याचे नाव, हेही मांडणीचाच भाग मानले पाहिजे. शेवटची पोच माणसानेच द्यायची असते.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना

हा प्रयोग आपल्या विद्यालयाच्या संगणक कक्षात करता येण्याजोगा आहे. जुने तीन संगणक पुरतात : एकावर मॉस्क्विटो, दुसऱ्यावरून निरोप पाठवायचा, तिसऱ्यावर तो वाचायचा. मग तिसऱ्याची तार काढून निरोपांचे काय होते ते पाहायचे. दुसऱ्याची वीज तोडून त्याचे मृत्युपत्र वाचले जाते काय ते तपासायचे. आठवी-नववीच्या मुलांना हे एका दुपारी समजते. खासगी कंपन्यांत हे काम रोज करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दुपार त्यासाठी द्यावी, अशी आमची विनंती आहे.

निरोप वाहण्याची सक्ती ज्यांच्यावर होती त्यांची नातवंडे आज निरोपाच्या व्यवस्थेचे नियम लिहीत आहेत. हे परिवर्तन शिक्षणाने घडले. नियम लिहिणाऱ्यावर मात्र एक जबाबदारी येते. रांगेत कोणाचा निरोप अडकून पडला आहे, कोणाला दार बंद आहे आणि कोण बराच वेळ गप्प आहे, याकडे त्याचे लक्ष असले पाहिजे. पालकांनो, आता मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आली की तिला जरूर विचारा : ‘तुझ्या मांडणीत पोच केव्हा देतात? आणि पोच आली नाही, तर कोणाला कळते?’